अक्कांनी जपलेले चिरूट

जळगावला मी उतरलो तो निव्वळ शेवभाजीसाठी. गाडी पुढे भुसावळला जाणारी, माझं काम त्याच्याही पुढे रावेरला. पण जळगाव आलं आणि शेवभाजी न खाता पुढे जायचं म्हणजे काय! खानावळीत बसलो, हातातली लाकडी पेटी खिडकीत ठेवली आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत जेवलो. पेटीवर वैशाखाचं ऊन दोन तास तापत होतं, हे हात धुतल्यावर दिसलं.

पेटीत हवानाचे तीन चिरूट होते. माझा मित्र वसंत मालवाहू जहाजावर असतो. साखर आणायला जहाज क्यूबाला गेलं, तिथून त्याने ते वडिलांसाठी घेतले आणि मुंबईला बंदरावर माझ्या हातात दिले. "जप रे बाबा, यावर आईचा जीव टांगलाय," म्हणाला. त्याचे वडील, नाना, दिवसाला तीन कट्टे विड्या ओढत. डॉक्टरांनी छाती तपासून विडी बंद म्हणून बजावलं होतं. नानांनी अट घातली: पोरानं एकदा हवानाचा चिरूट आणावा. तो विडीहून सरस निघाला तर विडी सोडली. नाही निघाला तर पुन्हा कुणी विषय काढायचा नाही. मी स्वतः सिगारेट ओढून घरी बायकोची बोलणी खाणारा, आणि निघालो होतो दुसऱ्याची विडी सोडवायला!

भुसावळला गाडी बदलली. दुतर्फा केळीचे मळे सुरू झाले, मागे सातपुड्याची निळी रेघ. रावेरला नाना स्वतः बैलगाडी घेऊन आले होते. वाटेत त्यांनी दोन विड्या ओढल्या. "आता थोड्याच राह्यल्या, भाऊ," म्हणाले आणि मनापासून हसले.

घरी गेल्यावर दम कसला धरतात! पहिला चिरूट ओट्यावरच पेटवला. वसंतने मला पढवून पाठवलं होतं: धूर गिळायचा नाही, राख झटकायची नाही, तिची ती पडू द्यायची. पण वरचं पान उन्हाने तडकलेलं. चिरूट एका अंगाने भराभरा जळत गेला, राख काळी आणि भुरभुरीत, ती सरळ नानांच्या धोतरावर. जिभेला चटका आणि घशात ठसका.

"हे तर तुरीच्या काडीसारखं जयते (जळते)," नाना म्हणाले. "विडी जिंकली."

वसंतची आई, अक्का, दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या शेवभाजीला मी मनातल्या मनात लाखोली वाहिली आणि उन्हाचं सगळं खरं सांगून टाकलं.

अक्कांनी ऐकून घेतलं. "अजून दोन हायत ना?" म्हणाल्या. मळ्यातून केळीचं ओलं सोपट (खोडाची साल) आणवलं, दोन्ही चिरूट फडक्यात गुंडाळून त्यावर सोपट आणि वरून ओलं फडकं बांधलं आणि माठाखाली गारव्याला ठेवलं. तंबाखूचा वास आला की नाकाला पदर लावणारी ती बाई तीन दिवस स्वयंपाक सोडून सोडून उठायची, वरच्या फडक्यावर पाणी शिंपडायची, बोटाने दाबून बघायची. मी तीन दिवस कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा खात देवाचा धावा केला.

चौथ्या दिवशी सकाळी नानांनी एक पेटवला, मी एक. काय सांगू! जळण्याची कड गोल, सारखी. धूर दाट आणि थंड. चवीला आधी ओली माती, मग जरासा गूळ, शेवटी जुन्या लाकडाचा वास. राख पांढरीफेक, दोन बोटं लांब होऊनही जागची हलेना. अक्का श्वास रोखून त्या राखेकडेच बघत होत्या. बऱ्याच वेळाने ती पडली, अख्खीच्या अख्खी.

नाना उठले. खिशातला कट्टा काढून चुलीत टाकला. "विडी हरली," म्हणाले. अक्का आत गेल्या आणि मोठमोठ्याने भांडी घासू लागल्या. मला इतका आनंद झाला की मी हातातला अर्धा उरलेला चिरूट शेजारच्या बैलाला दाखवून आलो.

परतीच्या दिवशी नाना स्टेशनवर पोचवायला आले. मी म्हटलं, "नाना, चिरूट भारी होता ना?"

"खरं सांगू? राख झकास, जयनंही झकास. चवीले मात्र आपली विडीच बरी."

"मग सोडलीत कशाला?"

"चाळीस वर्सं तिनं माह्या धुराले शिव्या देल्या, भाऊ. अन् तीन दिवस त्याच धुराले पानी शिंपडत बसली. आता कोन्या तोंडानं विडी पेटवू?"

गाडी हलली. नानांचा हात सवयीने खिशाकडे गेला, रिकाम्या खिशावर थांबला, आणि मग तोच हात वर करून त्यांनी मला निरोप दिला.

भुसावळपर्यंत मी सिगारेटला हात लावला नाही. भुसावळला लावला. माझ्यासाठी कोण फडकी भिजवत बसलं होतं? घरी आल्यावर बायकोला ही सगळी हकिकत रंगवून सांगितली, माझ्यासाठी कोण फडकी भिजवतंय, हेही बोलून गेलो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"आणा एक चिरूट. फडकं मी भिजवते."