दादाच्या दुसऱ्या पिस्तुलाची परीक्षा

माझ्या हातून पास झालेली वस्तू दगा देत नाही. ही बढाई नाही, मला पगारच त्याचा मिळतो. आयर्लंडमधल्या शॅननच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात औषधाची पेनं बनतात. पेन मांडीवर दाबलं की आतली स्प्रिंग सुटते, सुई आत शिरते आणि औषध अंगात उतरतं. आयुष्यात एकदाच चालतं ते, पण त्या वेळी चालायलाच हवं. ते चालेल की नाही हे ठरवणाऱ्या खात्यात मी तेव्हा सात वर्षं काढली होती.

त्यामुळे २०२० च्या हिवाळ्याच्या तोंडाशी टेक्सासमधल्या माझ्या मोठ्या भावाने मला पिस्तुलाबद्दल सल्ला विचारला, तेव्हा हसू आलं, पण नवल वाटलं नाही. हसू आलं कारण हाच दादा लहानपणी दिवाळीत टिकल्यांची बंदूकसुद्धा डोळे मिटून उडवायचा.

आई त्याच्याकडे अडकली होती. जानेवारीत सहा महिन्यांसाठी म्हणून गेली, आणि परतीचं तिकीट कोविडमुळे तीनदा रद्द झालं. दादा एकटा राहतो, आणि त्याचं काम गोदामातलं, घरी बसून होण्यासारखं नाही. आठवड्यातले पाच दिवस आई त्या घरात एकटी. त्यातच त्यांच्या रस्त्यावरचं एक घर चोरांनी भरदिवसा फोडलं. दादाने लगेच एक चांगलं पिस्तूल घेतलं, रीतसर शिकवणी लावली आणि महिन्याभरात मला फोन केला.

"एक आहे, पण बॅकअप पाहिजे गं. त्याच मॉडेलची एक स्वस्त कॉपी मिळतेय. गोळ्या भरायची मॅगझीनसुद्धा तीच बसतात. रिलायबल असेल का? तू सांग, तुझा जॉबच आहे हा."

मला भीती वाटत होती. आम्हाला कामाशिवाय घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी होती, आणि आई सात हजार किलोमीटरवर होती. भीती वाटली की मी तक्ता आखते. तसा तो आखला.

"दादा, पन्नास गोळ्या मारून 'छान आहे' म्हणायचं नाही," मी बजावलं. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात ठीक आहे, आमच्या धंद्यात नाही. मी अट घातली की सलग तीनशे गोळ्या एकदाही न अडकता सुटल्या पाहिजेत. तीही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. अडकली तर पुन्हा एकपासून मोजायचं. प्रत्येक मॅगझीनवर नंबर टाकायचा, म्हणजे दोष पिस्तुलाचा की मॅगझीनचा हे कळेल.

"अगं, इथे गोळ्या मिळत नाहीयेत! दुकानाबाहेर लाइन लागते."

"मग लाइनीत उभा राहा."

बिचारा राहिला. दर शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर जाऊन यायचा आणि मला आकडे पाठवायचा. पहिल्या चाळीस गोळ्यांत दोन अडकल्या. नव्या यंत्राचं अंग मोकळं व्हायला वेळ लागतो, मला काही वाटलं नाही. पुढे एकशे दहाव्याला एक अडकली. ती नेमकी तीन नंबरच्या मॅगझीनमधली होती, आणि त्याची स्प्रिंग मऊ निघाली. ते मॅगझीन मी बाद केलं. त्यानंतर सलग तीनशे सुटल्या, एकही अडकली नाही. नक्कल असली तरी नक्कल करणाऱ्याने मन लावून केली होती. मी आमच्या खात्याच्याच फॉर्मवर अहवाल लिहिला आणि खाली 'पास' लिहून सही केली. खरं सांगते, मला स्वतःचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी माझी रविवारची पाळी होती. कॅन्टीनमध्ये मी तो अहवाल आमच्या खात्यातल्या एका आयरिश सहकाऱ्याला दाखवला. निवृत्तीला आलेला, इथल्याच क्लेअर परगण्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. एका क्लबात निशाणबाजी करतो, आणि त्याच्या छोट्या पिस्तुलाचं लायसन पोलिसांनी घरातली तिजोरी भिंतीत नीट ठोकलेली आहे ना, हे पाहूनच दिलेलं. आमच्या दोघांच्या मध्ये प्लास्टिकची काच होती. त्याने चष्मा वर करून सगळी पानं वाचली.

"ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे इकडच्या बोलीत 'छान'. "इथे लायसनच्या फॉर्मवर 'स्वसंरक्षणासाठी' असं लिहिलंस ना, तर फॉर्म तिथेच संपला. पण टेस्ट ग्रँड आहे." मग त्याने विचारलं, "हे दुसरं, पहिलं बिघडलं तर वापरायला?"

"हो. बॅकअप."

"पहिलं कुठे असतं?"

"भावाच्या गाडीत. तो कामावर नेतो."

"आणि दुसरं?"

"घरी."

"तो कामावर असताना घरी कोण असतं?"

"आई," मी म्हणाले. मी तीन शनिवार स्प्रिंगा तपासल्या आणि ते पिस्तूल धरणार कोण हे विचारलंच नाही. का नाही, तेही सांगते. आमच्याकडे हातांचं खातं वेगळं आहे. आम्ही यंत्राच्या पकडीत पेन लावून तपासतो. मग शेजारच्या खात्यातले लोक तेच पेन संधिवाताच्या खऱ्या रुग्णांच्या हातात देतात आणि बघत बसतात. सात वर्षांत मी त्या खोलीत एकदाही डोकावले नव्हते. ते काम माझं नाही, असं मी ठाम समजून चालले होते.

संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार होती, रविवार असल्यामुळे दादा घरी होता.

"दादा, ते आईसाठी आहे?"

"मग काय करू? तिला एकटीला तसंच सोडून जाऊ? तिच्या ड्रॉवरमध्ये ठेवीन. शिकवीन तिला."

"आत्ता तिच्या हातात दे. रिकामं. मला दोनदा दाखव रिकामं असल्याचं."

त्याने मॅगझीन काढलं, आतली नळी कॅमेऱ्यासमोर धरली, पुन्हा धरली. मग ते आईच्या हातात दिलं. तिच्या बोटांच्या पेरांवर गाठी आहेत, लोणच्याच्या बरणीचं झाकणही ती माझ्याकडून उघडून घ्यायची. गोळी चढवायला पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढावा लागतो, तो ओढायचा होता. पहिल्यांदा हलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा अर्धा आला आणि सटकला. आईने दादाकडे बघून हसायचा प्रयत्न केला. लेकाने एवढं आणलंय, त्याला वाईट वाटू नये म्हणून हसत होती ती. मला रडू आलं आणि रागही आला, तोही माझ्यावरच.

"जमेल हं," आई म्हणाली. "सवयीने जमेल. पण जमलं तरी एक विचारू का?"

"विचार ना," दादा म्हणाला.

"परवा दुपारी तू लवकर आलास. मी केसांना तेल लावत होते, चष्मा टेबलावर. दारात कुणीतरी उभं दिसलं. मी 'कोण?' म्हणून ओरडले, तर तू बोललाच नाहीस. कानात ते घालून फोनवर होतास. हे माझ्या हातात असतं, तर मी काय केलं असतं, सांग."

दादाने तिच्या हातातून पिस्तूल हळूच काढून घेतलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन ठेवून आला. पुढच्या आठवड्यात ते दुकानात परत गेलं. दाराला आतून भक्कम अडसर बसला, आणि शेजारच्या बाईंनी दुपारी एकदा हाक मारून जायचं कबूल केलं.

मी त्याच संध्याकाळी अहवाल पुन्हा उघडला आणि 'पास' खोडलं. आमच्या फॉर्मवर शेवटी एक रकाना असतो, 'वस्तू बिघडली तर इजा कोणाला'. मी 'बिघडली' वर काट मारली, वर 'चालली' असं लिहिलं आणि पुढे दादाचं नाव घातलं.