निरंक

"शून्याले काय म्हणते वो तुमच्या तांड्यावर? का थे बी मीच शिकवू?"

सर असं बोलले आणि अख्खी मीटिंग हसली. तालुक्यातालुक्यांतून आलेली माणसं होती. चहा वाटणारी बाईसुद्धा हसली, आणि ती तर आमच्याच बाजूची. भिंतीवर मी बनवलेला रिपोर्ट दिसत होता. मी माउस धरून उभी होते आणि माझे कान तापले होते.

आमची एजन्सी खाजगी. यवतमाळात ऑफिस. गावोगावच्या पाण्याच्या तपासणीचा सरकारी ठेका घेतलेला. सर तिचे मालक. महागावकडे त्यांची मोठी शेती. माझी याडी, म्हणजे आई, त्यांच्याच वावरात कापूस वेचायची. हे त्यांनी मला मुलाखतीतच ऐकवलं होतं. "वेचनीवालीची पोरगी स्टॅटिस्टिक्स शिकली म्हणते!" तेव्हा मी मान खाली घालून हसले होते. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

माझं काम अडलेल्यांना सोडवायचं. तालुक्यातले ऑपरेटर आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरायचे. अडले की फोन मला. "मॅडम, रिपोर्ट निघूनच नाही राह्यला." कोणी मराठी आकडा टाकलेला असायचा, सॉफ्टवेअर त्याला अक्षर समजायचं. कोणी गावाच्या नावापुढे चुकून मोकळी जागा सोडलेली, की एका गावाची दोन गावं. मी निस्तरायचे. रिपोर्ट निघाला की सही सरांची, शाबासकी सरांना. ऑफिसात मला नाव नव्हतंच. तांड्यावाली. बस.

मग 'निरंक'ची तक्रार आली. सरकारी कागदावर रकाना मोकळा ठेवायचा नसतो. लिहायला काही नसलं की निरंक लिहायचं. हे ऑपरेटर लोकांच्या हाडीमाशी भिनलेलं. फ्लोराइडच्या रकान्यातही त्यांनी तेच लिहिलं. तो रकाना आकड्यांचा. सॉफ्टवेअर निरंक घेईना. सगळा जिल्हा अडून बसला.

सर म्हणाले, "निरंक म्हणजे शून्य. टाकून दे शून्य. इचारून कायले राह्यली?"

मी एक बटण करून दिलं. दाबलं की सगळ्या निरंकांचं शून्य. एका दिवसात फोन बंद झाले. मला माझ्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं होतं! लाज वाटते सांगायला.

मीटिंगच्या आदल्या दिवशी मी यादी लहानापासून मोठ्या आकड्यापर्यंत लावली. वर सगळी शून्यं आली. एकजात सगळे तांडे. कोलामांचे पोड, म्हणजे त्यांच्या वस्त्या. त्यात माझा तांडा. पुढे रिपोर्टचा शेरा: पाणी शुद्ध, शुद्धीकरण यंत्राची गरज नाही.

माझी भाची त्याच बोअरचं पाणी पिते. सात वर्षांची आहे. दातांवर तपकिरी डाग, गुडघे आत वळलेले, जास्तीच्या फ्लोराइडनं होतात तसे. आणि म्हणे शुद्ध.

मी ऑपरेटरला फोन लावला. तो बिचारा खरं बोलला. "तांड्यावर कोन जाते मॅडम? गावातल्या इहिरीचं पानी घेतलं अन् वापस आले. म्हून निरंक."

म्हणजे कोणी गेलंच नव्हतं. आणि न जाण्याला शून्य मी केलं होतं. माझ्या हातानं, माझ्या बटणानं. दुसऱ्या दिवशी ही यादी पक्की झाली की यंत्रं कायमची दुसऱ्या गावांना जाणार होती.

म्हणून मीटिंगमध्ये मी उभी राहिले. म्हटलं, "सर, हे शून्य चुकीचं आहे." त्यावर त्यांनी तो प्रश्न विचारला. त्यावर ते सगळे हसले.

मी म्हटलं, "शून्याले शून्यच म्हनतो सर. पन जथी कोनी गेलंच नाही, त्याले शून्य नाही म्हनत."

सगळ्यांच्या देखत मी त्या बटणानं केलेलं काम उलटवलं. भिंतीवरची शून्यं गेली. मोकळे रकाने उघडे पडले. शेरा बदलला: तपासणी झालेली नाही. मी एकेका तांड्याचं, एकेका पोडाचं नाव मोठ्यानं वाचायला लागले. आता कोणी हसत नव्हतं.

"बंद कर थे!" सर ओरडले. "तुयी माय आमच्या वावरात वेचे. इसरली काय?"

"नाही इसरली. तिनं वेचलेला कापूस तुमी किलोकिलोनं मोजून घेतला सर. आमचं पानी काहून नाही मोजलं?"

यादी त्या दिवशी पक्की झाली नाही. त्याच दुपारी नोकरी गेली. माफीनामा लिहून दे, ठेवून घेतो, असा निरोप आला. मी लिहिला नाही. माफी मागायचीच तर मी भाचीची मागीन. यांची कायले?

ऑपरेटर अजून मला चोरून फोन करतात. "मॅडम, रकाना मोकळा ठेवला तं सर वरडते. काय टाकू?"

"तथी कोनी गेलतं काय?"

"नाही."

"मंग काहीच टाकू नको. वरडू दे."

यादीवरच्या प्रत्येक वस्तीचं पाणी मी स्वतः बाटलीत भरून तपासायला नेते आहे. तांड्याचं नेलं, पोडांचं नेणार. जो आकडा येईल तो एजन्सीला लिहायला लावीन. तोवर त्या रकान्याला कोणी बोट लावून तर दाखवावं.