कोळंबीची पट्टी

लेकीनं एवढंच बजावलं होतं, "आप्पा, आईला मी संध्याकाळी नीट समजावते. तवर तुमी कायबी बोलू नका." दवाखान्यातून निघालो आणि वाटेतलं काकती गाव यायच्या आत मी पचकलो. बायकोनं रिक्षात सहज विचारलं, नवी पट्टी कशाची असतीय. मी शहाणा, सांगून टाकलं, कार्बन आणि कोळंबीची टरफलं.

बायको माळकरी. लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ. मला मटण खायचं असलं तर परसात, वेगळ्या भांड्यात, आणि रांधायचंही मीच.  घरापाशी उतरल्यावर बायको म्हणाली, ती पट्टी मला नको.

साखरेनं तिच्या पायाची दोन बोटं आधीच नेलेली. आता टाचेची जखम भरत नव्हती. पाय कुठून काढावा लागेल ते डॉक्टरांनी घोट्याच्या वर हात धरून दाखवलं होतं. त्याआधीचा शेवटचा उपाय म्हणजे ही पट्टी, तीही अजून चाचणीतच असलेली. टरफलांतून काढलेल्या द्रव्यानं जखम भरून आणायची, आणि त्यात मिसळलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कार्बनच्या कणांनी आत पू होतोय का ते यंत्राला कळवायचं. पट्टी सोडून बघायला नको. एवढं मला समजलं होतं. तिला सांगताना मात्र नको तेच तोंडातून येत गेलं. टरफलं धुतात, उकळतात, कोळंबीचा वाससुद्धा उरत नाही म्हणे. वासाचं नाव काढलं आणि तिनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी लेक आली, सांगून सांगून थकली. पाय गेला तर जाऊ दे, एवढंच उत्तर. शेवटी, पाय वाचवा म्हणून डॉक्टरांपुढं जोडले होते तसे हात मी बायकोपुढं जोडले.

"तू अशी पडून राहिलीस तर मी काय करू गं?" म्हणालो आणि रडायलाच लागलो. समजूत घालायला बसलेला माणूस मी, आणि लेकीनं पाणी आणून दिलं ते मलाच.

बायकोनं एकदा पायाकडं बघितलं. मग तिनं माळ काढली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली.

"उद्या लावू द्या पट्टी," ती म्हणाली. "पाय बरा हुईस्तवर ही तुमी घाला. घरात एक तरी माळ पायजे."