नानांसाठी केलेले बिनगुळाचे बार

माझ्या सासऱ्यांनी मला सहा वर्षं फसवलं.

आज नानांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून सगळे त्यांचा हार घातलेला फोटो टाकतायत, खाली 'देवमाणूस' लिहितायत. लिहा.

मी माझं लिहिते.

लग्न होऊन तापीकाठच्या या गावात आले तेव्हा मला खापरावरचे मांडे येत नव्हते. अजूनही येत नाहीत. हातावर घेतला की फाटतो. आमच्याकडे त्यावरून सुनेला कुणी बोलत नाही, फक्त पाहुणे आले की चुलीपासून उठवतात.

मग मोबाइलवर बघून एकदा ग्रॅनोला बार केले.

ओट्स, भाजलेले शेंगदाणे, तीळ, वाळवलेल्या केळ्याचे तुकडे. गुळाच्या पाकात कालवायचं, ट्रेमध्ये थापायचं, गार झालं की सुरीने पट्ट्या कापायच्या. मुलाच्या डब्याला आणि चार वाजताच्या चहाबरोबर. बस एवढंच.

नानांनी पहिली पट्टी खाल्ली आणि म्हणाले, "मस्त शे बेटा. आखो एक दे."

त्या घरात माझ्या हातच्या खाण्याचं झालेलं ते पहिलं कौतुक. मी मोरीत जाऊन रडले होते.

पुढच्याच वर्षी नानांना शुगर निघाली.

मी तळोद्याला लॅबमध्ये काम करते. रक्त मीच काढलं, मीच तपासलं. घरी येऊन गूळ बंद केला आणि बारमध्ये खजूर घातले.

तीन महिन्यांनी रिपोर्ट वाईट. म्हटलं, खजूर नडले. खजूर बंद.

त्यापुढचा आणखी वाईट. केळी बंद.

शेवटी उरले ओट्स, जवस, थोडे शेंगदाणे आणि चिकटून राहायला इसबगोल. माझ्या मुलाने एक घास घेऊन विचारलं, आई, हे औषध आहे का? नवऱ्याला अचानक ॲसिडिटी व्हायला लागली. सासूबाई, त्यांना आम्ही माय म्हणतो, त्यांनी दुखऱ्या दाढेचं निमित्त केलं.

नानांनी मात्र कधी नाही म्हटलं नाही. सकाळी शेतात निघताना दोन पट्ट्या बंडीच्या खिशात टाकायचे. म्हणायचे, तिकडे भूक लागते. दुपारी खिसा रिकामा. "मस्त शे बेटा."

लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, बाहेरचं काय खाता? नानांना एकदाही विचारलं नाही. घरच्या माणसावर कोण संशय घेतं?

रिपोर्ट बिघडला की मी माझ्या ट्रेकडेच बघायचे. आता यातून काय काढू?

मग पायाची जखम भरेना. मग किडनी. नंदुरबारला ॲडमिट केलं.

तिथे एका दुपारी मी डब्यात पट्टी घेऊन गेले. नानांनी ती माझ्यासमोर अख्खी खाल्ली. किती वेळ चावत होते. मध्ये दोनदा पाणी प्यायले. आणि म्हणाले, "मस्त शे बेटा."

दोन दिवसांनी गेले. माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते. मी ते जिवापाड जपलं.

पुरते दहा दिवस.

दहाव्याला प्रकाशा गावी तापीच्या घाटावर पिंड ठेवला. नवरा म्हणाला, त्यांच्या आवडीचं ठेव. मी पट्टी ठेवली.

कावळा येईना.

समोरच्या झाडावर तीन बसलेले. नवऱ्याने हात जोडून मायला सांभाळीन म्हटलं, शेत विकणार नाही म्हटलं. मी म्हटलं, मुलाला शिकवीन. ऊन चढलं. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. सासऱ्याचा जीव सुनेत अडकला, असं कुणीतरी हळूच म्हणालं. मला तेसुद्धा बरं वाटलं, खरं सांगते.

मग नानांचे जुने दोस्त हिरालालकाका उठले. खिशातून कागदाची पुडी काढली आणि पिंडाशेजारी एक जिलेबी ठेवली.

कावळा लगेच शिवला.

सगळे मोकळे झाले. नवरा ढसाढसा रडला. मी काकांच्या हातातल्या तेलकट कागदाकडे बघत राहिले.

काकांना बाजूला घेतलं. आधी टाळाटाळ केली त्यांनी, मग सांगून टाकलं. शेताकडे जाताना स्टँडवर दोघं थांबायचे. गरम जिलेबी. जवळजवळ रोज.

माझे बार कुठे जायचे, मी विचारलं.

"मन्ही बकरी खाये," काका खाली बघत म्हणाले. त्यांची बकरी.

आणि मग, "तू रागे भरू नको पोरी. नाना म्हणे, तिनी इतला जीव लाईसन करं, तिले कसं सांगू?"

घरी येऊन मायला सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. बंडीचा चिकट खिसा तीच धुवायची. नवऱ्यालाही माहीत होतं. म्हणाला, तुला वाईट वाटलं असतं.

म्हणजे एका घरात राहून सगळ्यांनी मिळून माझं मन राखलं. मी एकेक वस्तू काढत गेले, बार घशाखाली उतरेनासा झाला आणि नानांची जिलेबी वाढत गेली. आणि त्यांचं ते शेवटचं वाक्यसुद्धा माझं मन राखायलाच होतं.

लोक म्हणतात, केवढी माया होती नानांची तुझ्यावर. असेल. मला त्या मायेचाच राग येतो.

नाना, एकदा तोंडावर म्हणायचं होतं, हे खाववत नाही. मी रुसले असते. दोन दिवस, फार तर चार. भांडी आपटली असती. मग डॉक्टरांना खरं काय ते सांगून औषध वाढवून घेतलं असतं, आणि आज तुम्ही ओट्यावर बसून आल्यागेल्याला सांगत असता, आमच्या सुनेला काही म्हणजे काही करता येत नाही.

मला ते चाललं असतं.

श्रद्धांजली वाहते, नाना. भावपूर्ण आहे की रागाची, ते माझं मलाच अजून कळत नाही.