बंदुकीचा नवा दस्ता

माझे अक्षर वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते नीट कळत नाही. ही पाने कोणाच्या हाती लागली तर माफ करावे आणि चुका सोडून वाचावे. तोंडाने सांगायला मला कधी जमले नाही. चार माणसे बसली की माझा आवाजच निघत नाही.

आमच्या घरी एकनळी बंदूक होती. धानाच्या राखणीसाठी सासऱ्यांना परवाना मिळाला होता. त्यांच्यामागे तो ह्यांच्या नावावर झाला. आमच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, जंगलाला लागून. लोंबी भरू लागली की रानडुकरे उतरत. हे मचाणावर बसत आणि एखादा बार वर काढत. आवाजानेच डुकरे पळत. त्या बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचे लाकूड, जुना होऊन चिरला होता. सासऱ्यांनी त्यावर तार गुंडाळली होती आणि वरून सायकलच्या ट्यूबचे पट्टे आवळले होते. रानात ते कोणी पाहत नव्हते.

आणीबाणीनंतरची निवडणूक आली तेव्हा सगळ्या परवानेवाल्यांना बंदुका तालुक्याच्या ठाण्यात जमा करायला सांगितले. मला माहेरी जायचे होते, एसटी तिथूनच सुटायची, म्हणून मी ह्यांच्यासोबत गेले. ठाण्याच्या आवारात पंधरा-वीस माणसे आपापली बंदूक घेऊन उभी होती. कोणाच्या पट्ट्यावर कातड्याची नक्षी, कोणाच्या दस्त्याला रबराची गादी. एका राईस मिलच्या शेठजवळ तर पिस्तूल होते. त्याची मूठ पांढरीशुभ्र, शिंपल्यासारखी चमकणारी. सगळे तिच्याभोवती जमले होते.

"शेठ, ही मूठ अशीच आली का?"

"नाही गा. काळी होती, साधी. मी नागपूरवरून बदलवून आणली."

"काहून? काळीनं गोळी सुटत नव्हती का?"

"सुटत होती. पण कारखान्यातून साऱ्यायचं एकसारखंच येते. आपलं आपल्याले आपलं वाटलं पाहिजे."

मग कोणाची तरी नजर ह्यांच्या हाताकडे गेली. "अन् हे काय आणलं भाऊ? बंदूक हाय का फाटकाची दांडी?"

"बंदूकच हाय. वडिलांची हाय."

"मंग वडिलायनंच पंक्चर काढलं असंन!"

सारे हसले. ह्यांनीही हसून दाखवले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ये वो, इकडं सावलीत बस."

मी ऐकले. पण डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि रस्त्याकडे पाहत राहिले, जशी मी कोणा दुसऱ्याची बाई आहे, एसटीची वाट पाहत उभी आहे. ह्यांनी पुन्हा हाक मारली नाही.

मी माहेराहून परत आले. जेवताना ह्यांनी फक्त विचारले, "त्या शेठची मूठ पाहिली का?"

"पाहिली."

"गोळी तर तशीच सुटते. मंग कायले बदलवली असंन?"

मला तेव्हा उत्तर ठाऊक होते. पिस्तूल रानात जात नव्हते, ते ठाण्यात चार लोकांसमोर जात होते. पण मी तसे म्हटले नाही. मी म्हटले, "आपणही नवा दस्ता करून घ्या. लोकं हसतात."

"अन् पैसा?"

"बाईजवळ हाय ना."

बाई म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून आमच्याकडे होती. दर उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन तेंदूपाने तोडायची आणि आलेला पैसा बाजूला ठेवायची. तिला शिलाई मशीन घ्यायची होती. साकोलीचा एक शिंपी आपली जुनी मशीन तीनशेला द्यायला तयार होता आणि दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला होता. मशीन आली की जंगल सुटणार होते. तिच्या तळपायांना भेगा पडल्या होत्या आणि जंगलात तिला अस्वलाचे फार भेव वाटे.

ह्यांनी मागितले तेव्हा ती भाकर थापत होती. "धान निघाला की देतो," हे म्हणाले.

"घे ना दादा, मी काय आज घेऊन राहिली मशीन," ती म्हणाली आणि हात धुऊन लगेच पैसे आणून दिले. मी चुलीजवळच होते. नको म्हणायला एक शब्द पुरला असता.

निवडणूक आटोपून बंदूक परत मिळाली आणि साकोलीच्या सुताराने शिसवीचा दस्ता घडवला. भंडाऱ्याच्या कासाराकडून ह्यांनी त्याच्या टोकाला पितळेची पत्री ठोकून आणली, वेलबुट्टी कोरलेली. बंदूक घरी आली तेव्हा मी तिच्यावरून हात फिरवला. खरे सांगायचे तर मला माझ्या लग्नातल्या दागिन्यांचाही इतका आनंद झाला नव्हता. बाईने जुन्या लुगड्याची दुहेरी गवसणी शिवली, हातानेच, बारीक टाक्यांची. मशीनवर शिवल्यासारखी दिसत होती.

मग धान पोटरीला आला, लोंबी भरली. हे राखणीला निघाले आणि बंदूक खुंटीलाच.

"अजी, बंदूक राहिली," मी म्हटले.

"दव पडून राहिलं. पॉलिश जाते. डबा हाय ना वाजवायले."

दुसऱ्या दिवशी चिखल होता. तिसऱ्या दिवशी मचाणाच्या शिडीवर पत्री घासेल म्हणाले. हे रोज रिकामा तेलाचा डबा आणि काठी घेऊन जात. डुकरे दोन-चार दिवस डब्याला भ्यायली. मग त्यांना कळले की ह्या आवाजाने काही होत नाही. एका सकाळी मी आणि बाई पेज घेऊन गेलो तर जंगलाकडच्या तीन बांध्या नांगरल्यासारख्या उलथल्या होत्या. हे बांधावर उभे होते, हातात डबा. बाईने पाटी खाली ठेवली आणि पडलेल्या लोंब्या वेचायला वाकली. ती आमच्या दोघांकडे पाहतही नव्हती.

त्या वर्षी धान घरात खाण्यापुरताच आला. दिवाळीनंतर शिंप्याने मशीन दुसऱ्याला दिली.

पुढे पुन्हा निवडणूक लागली. हे बंदूक जमा करून ठाण्यातून परतले ते वेगळेच तोंड घेऊन. ओसरीवरूनच सांगू लागले, "शेठनं स्वतः हातात घेऊन पाहिली! कोणत्या सुतारानं केली म्हणे. साऱ्यायनं पाहिली." बाई आत तांदूळ निवडत होती. म्हणाली, "चांगलं झालं दादा." त्या उन्हाळ्यात ती पुन्हा तेंदूपानाला गेली. त्याच्या पुढच्याही.

पैसे आपणच फेडायचे असे मी ठरवले, कारण बाईचे नाव मीच घेतले होते. विडी कारखान्याची पाने आणि तंबाखू घरी आणून मी विड्या वळू लागले. घरखर्चातून उरेल ते दहा, कधी पाच, बाईच्या हातावर ठेवायची. ती दरवेळी म्हणायची, "राहू द्या ना वहिनी, कुठं पळून जाता का तुमी?" आणि मला वाटायचे, ती रागावली तर बरे. ती कधी रागावली नाही. तिच्या ताटात वाढताना मी तिच्या तोंडाकडे पाहत नसे.

पुढच्या हंगामापासून बंदूक मचाणावर जाऊ लागली होती. पॉलिश गेले, ओरखडे पडले. पत्रीचे खिळे ढिले झाले तेव्हा ह्यांनी ती स्वतःच उपसून काढली आणि कोपऱ्यात टाकून दिली. त्या जागी ट्यूबचा पट्टा बांधला.

विड्या वळता वळता सहा-सात वर्षे गेली. शेवटचे अठरा रुपये राहिले आणि माझी बोटे सुजली होती. ह्यांनी विचारले, "किती राहिले?" मी सांगितले. ते उठले, कोपऱ्यातली पत्री आणि एक फुटका पितळी गडवा पिशवीत घातला आणि भंडाऱ्याला गेले. कासाराने दोन्ही मोडीत तोलून घेतले. सांजेला नोटा माझ्या हातात देऊन म्हणाले, "बाईले दे. मले नाही जमत."

बाई अंगणात होती. मी पैसे तिच्या हातावर ठेवले आणि पहिल्यांदा मान वर करून म्हटले, "बाई, पूर्ण झाले."

तिने ते पदराच्या गाठीत बांधले आणि म्हणाली, "हो, झाले वहिनी."