नटाची चार बोटं

भूतबित मी मानत नाही. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. "समोर दिसतं तेच काढा" हे मुलांना सांगण्यात जन्म गेला. तेव्हा "बाई, भास झाला असेल" अशी कमेंट टाकणाऱ्यांनी कृपया आधी पूर्ण वाचावं.

माझी एक विद्यार्थिनी जपानमध्ये नोकरी करते. दिवाळीत आली तेव्हा तिने मला लाकडी ठोकळ्यावरून छापलेलं एक जुनं चित्र दिलं. तिकडच्या नाटकातला नट, गणिकेच्या वेशात... आपल्या गावाकडच्या दंडारीच्या खेळात पुरुष लुगडं नेसून उभे राहतात ना, तसाच. मान वाकडी, डोळे तिरळे, आणि एक हात ऐटीत पसरलेला. चार बोटं थेट कागदाच्या उजव्या कडेपर्यंत, त्यांच्याखाली चित्रकाराची सही. मी लगेच मोबाईलवर फोटो काढला आणि त्या गडबडीत डाव्या कोपऱ्यावर चहाचा थेंब सांडला.

बोरी अरब गावात रशीदभाईंचं फ्रेमचं दुकान आहे. आमच्या शाळेतली सगळी चित्रं त्यांनीच मढवलेली. सोमवारी चित्र दिलं, बुधवारी दुपारी आणायला गेले... तर उजवीकडची इंचभर पट्टी गायब!

"रशीदभाई, हे काय केलंत?"

"काच छोटी पडली मॅडम. देवाच्या कॅलेंडरचा काठ नाई का कापत आमी? तसाच कापला."

कॅलेंडर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग नीट पाहिलं. बोटं कापलेली नव्हतीच. हात कोपरात दुमडून छातीशी घेतलेला, चारही बोटं शाबूत. म्हणजे यांनी चित्रच बदललं! भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर मी म्हणाले, "चोर आहात तुम्ही."

रशीदभाईंनी कचऱ्याची टोपली पालथी केली, कापलेली पट्टी शोधली आणि फ्रेम उघडून चित्र माझ्यासमोर ठेवलं.

"लावून पाहा मॅडम."

पट्टीवर सही होती. बोटं नव्हती — त्या जागी कोरा कागद. कटर एका ठिकाणी घसरला होता, ती खाचसुद्धा चित्राशी तंतोतंत जुळली. डाव्या कोपऱ्यात माझ्याच चहाचा डाग. आणि मोबाईलमधल्या फोटोत? हात पसरलेलाच.

आता म्हणाल, दुसरी प्रत असेल. अहो, एका ठोकळ्यावरून हजार प्रती काढल्या तरी हात हलत नाही!

मला राग येतो तो त्या नटाचा. चित्रकाराची सही खुशाल कापू दिली, स्वतःची बोटं तेवढी वाचवली. त्यापायी एक भला माणूस गावात चोर ठरला. ठरवणारी मीच, हेही लिहिते.

माफी मागायला तीनदा गेले. तिसऱ्यांदा रशीदभाईंनी चहा मागवला. कप माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "तुमच्या चित्रातल्या मानसानं कटर येताना पाहून हात आत घेतला. तुमचा शब्द येताना मले नाई दिसला मॅडम."

काय झालं, कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. चित्र घरी भिंतीवर आहे, बिनफ्रेमचं. रशीदभाईंनी ते पुन्हा मढवून दिलं नाही... आणि दुसऱ्या कुणाकडे न्यायचं तोंड मला नाही.