परत जायची परवानगी

तिकडची लढाई थांबली आणि आमच्या मरोळच्या ऑफिसात भांडण सुरू झालं. भांडण सभ्य होतं, स्क्रीनवर होतं, आणि ते करायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. आमची कंपनी शीतगृहं उभारते आणि चालवते. समुद्रापलीकडच्या एका देशात आमचं मोठं शीतगृह आहे. त्यात मासळी असते आणि एका बाजूच्या खोलीत इस्पितळांची औषधं. तिथे युद्ध पेटलं तेव्हा आमची सगळी भारतीय माणसं विमानाने परत आली. आता तिथे नवं सरकार बसलं होतं आणि ते म्हणत होतं, जुनी वर्क परमिटं रद्द. परदेशी माणसांना इथे काम करू द्यायचं की नाही, ते आम्ही नव्याने ठरवणार.

मी या कंपनीत एचआर सांभाळते. मुलुंडहून रोज मरोळला येते, तोंडाने फटकळ आहे, आणि हे वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तरी साहेबांनी वाटाघाटींना मलाच बसवलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही ऐकून घेत नाही, हेच आपल्याला हवंय." डोंबल! ऐकून न घेता वाटाघाटी कशा करतात, ते एकदा त्यांनीच मला दाखवावं.

परत आलेल्यांपैकी बाकीच्यांनी कुठे ना कुठे सोय लावून घेतली होती. एकजण उरला होता. जोगेश्वरीला राहणारा, मूळचा मालवणकडचा, पन्नाशीला टेकलेला. अमोनियावर चालणारे जुने कॉम्प्रेसर त्याच्याइतके कुणाला कळत नाहीत, पण इथे आता ती यंत्रं फारशी उरली नाहीत आणि नव्या यंत्रांवर नवी पोरं आहेत. परवानगी मिळाली तर तो परत जाणार, नाही मिळाली तर कंपनी त्याला निरोप देणार, असं साहेबांनी मला स्वच्छ सांगून ठेवलं होतं. त्यालाही ते कळलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून दर आठवड्याला यायचा, रिसेप्शनला बसायचा आणि मी दिसले की उठायचा. "मॅडम, काय कळलं का?" एकदा तर त्याच्या आईने फोन लावला मला. "बाय गो, झील नुसतो बसान आसा. काय तरी कर." मला रडूच आलं. रडू आलं की मी चिडते, म्हणून त्या दिवशी शिपायाला उगाच बोलले.

स्क्रीनवर समोर असायच्या त्यांच्या कामगार खात्याच्या एक बाई. हळू आवाज, नेमके शब्द, चेहऱ्यावर हसू नाही. त्यांचा पहिलाच नियम असा होता की मॅनेजरच्या जागा फक्त त्यांच्या माणसांना. परदेशी माणूस चालेल तो तांत्रिक कामाला, आणि ज्या स्थानिक माणसाच्या हाताखाली तो काम करणार त्याची संमती हवी. मी मनात म्हटलं, हात्तिच्या, एवढंच? आमचा माणूस तांत्रिकच आहे की! मग लक्षात आलं आणि माझी वाटच लागली. कागदावर आमचा माणूस मॅनेजर होता.

आमच्याकडे ही एक पद्धतच आहे. माणसाला दुसरं काही देता आलं नाही की मोठं पद द्यायचं. अर्धं ऑफिस मॅनेजर आहे. मॅनेज करायला समोर कोणी नाही. याचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं, मुलाची पोस्ट काय? तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, तेवढं मॅनेजर करा ना. जमतंय सगळं." साहेबांनी सही ठोकली. तो पाना हातात घेऊन पूर्वीचंच काम करत राहिला आणि आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले.

मी ताबडतोब पद बदलून पाठवलं. बाईंनी दुसऱ्या बैठकीत विचारलं, "काल मॅनेजर, आज टेक्निशियन. तुमच्या कंपनीत माणसं एका रात्रीत लहान होतात का?"

माझं डोकं फिरलं. "अहो, आमच्याकडे लग्नासाठी मॅनेजर करतात!" असं मी सरळ बोलून गेले. इंग्रजीत ते आणखीच वेडगळ वाटलं. शेजारी साहेबांनी डोळे मिटून घेतले.

बाई मात्र हसल्या, पहिल्यांदाच. "आमच्याकडे लग्न जमवताना सगळे इंजिनीअर असतात," म्हणाल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "ते जाऊ द्या. माझा प्रश्न वेगळाच आहे. बॉम्ब पडायला लागले तेव्हा तुमची माणसं गेली. आमची राहिली. मग परत येण्याचा हक्क कुठून आला?"

मी करार काढला, कलमं वाचली, कौशल्याचं महत्त्व सांगितलं. तोंड चालू होतं, पण माझं मलाच ते पोकळ वाटत होतं. संध्याकाळी बसमधून पवईच्या तलावाकडे बघत तोच विचार करत होते. हक्क म्हणजे नेमकं काय हो? काम येतं म्हणून हक्क? की पडत्या काळात जो जागेवर थांबला, त्याचा हक्क? इथे आपल्या सोसायटीत पाणी तुंबलं तेव्हा जे गावाला निघून गेले, ते नंतरच्या मीटिंगमध्ये बोलायला लागले की मी स्वतः त्यांना गप्प बसवलेलं आहे. त्या बाईंच्या जागी मी असते तर मीसुद्धा हेच विचारलं असतं.

शेवटच्या बैठकीला आमच्या माणसालाही माझ्या शेजारी बसवलं होतं. बाईंच्या शेजारी यावेळी एक माणूस बसला होता. तिथला, तिशी-पस्तिशीचा. पूर्वी तो आमच्या माणसाचा हेल्पर होता, हिंदी त्याच्याकडूनच शिकलेला. आमची माणसं निघून आल्यावर लढाईभर शीतगृह त्याने चालू ठेवलं. आता तिथला मॅनेजर तोच होता. संमती त्याचीच लागणार होती.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग आमच्या माणसाने मोडक्या हिंदीत विचारलं, "दोन नंबरचा कॉम्प्रेसर अजून आवाज करतो का?" तो म्हणाला, "करतो. पण थंड ठेवतो." मला वाटलं, झालं, जमलं! मी टेबलाखाली साहेबांना कोपरखळीसुद्धा मारली.

बाईंनी विचारलं, "याच्या हाताखाली काम कराल?"

"करीन," आमचा माणूस म्हणाला. "तो सांगेल ते करीन."

मग त्या तरुण मॅनेजरने स्वतःच विचारलं, तशाच मोडक्या हिंदीत, अगदी शांतपणे. "पुन्हा लढाई झाली, पुन्हा तुमच्यासाठी विमान आलं, तर जाल का?"

मी आमच्या माणसाच्या पायावर पाय दिला. नाही म्हण रे, बाबा! एक शब्द बोलायचाय, काय बिघडतं? घरी आई आहे, बायको आहे, अकरावीतली मुलगी आहे, नोकरी लटकलीय. नाही म्हण!

त्याने पाय बाजूला घेतला. कपाळ पुसलं. "जाईन," म्हणाला. "मुलगी आहे माझी. खोटं कशाला सांगू?"

गेलं सगळं, असं वाटून मी खुर्चीत मागे रेलले.

तिकडच्या माणसाने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "मी पण गेलो असतो. पण आमच्यासाठी विमान नव्हतं." आणि बाईंकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. बाईंनी मान हलवली आणि आम्हाला सांगितलं की त्याची संमती आहे, परवानगी दिली जाईल.

स्क्रीन बंद झाली. साहेब फोनवर वरच्यांना खबर द्यायला बाहेर धावले. मी हात जोडले, हसले, म्हटलं, "अरे मिळाली! आईला फोन लाव आधी!"

तो उठला नाही. काळ्या स्क्रीनकडे बघत बसला होता.

"मॅडम," म्हणाला, "निघताना त्याच्या हातात किल्ल्या दिल्या मी. नीट सांभाळ म्हटलं. पण तू काय करणार, तू कुठे जाणार, हे काही विचारलंच नाही हो मी त्याला."